दिवे घाटात राहिलेली चप्पल

आषाढी वारीत माऊलींची पालखी दिवे घाट चढून पुढे गेली, की मागे रस्त्यावर काय उरते, हे आपण कधी पाहिले आहे काय? केळीच्या साली, चुरगळलेले कागदी पेले, तुळशीची पाने, आणि चपला. जोडीने नव्हे, एकेकट्या. कोणाचा अंगठा तुटलेला, कोणाचा पट्टा उसवलेला, तर एखादी अगदी धडधाकट. तुटलेली चप्पल मागे का राहिली, हे सहज कळते. परंतु न तुटलेली चप्पल? गर्दीत मागून कोणाचा पाय पडला असेल, वाकून उचलण्यास सवड मिळाली नसेल, असे आपण म्हणतो. बहुतेक वेळा ते खरेही असते. काही चपलांची कथा मात्र निराळी असते. चप्पल निसटली, हे त्या पायाला कळलेलेच नसते.

१८ वर्षांपूर्वी माझ्या वडिलांची एक चप्पल अशीच या घाटात राहिली. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. मागून येणाऱ्या एका वारकऱ्याने हाक दिली, "माऊली, तुमची एक चप्पल मागं राहिली की!" अण्णांनी खाली पाहिले. उजवा पाय अनवाणी होता. तसे किती अंतर चालून आलो, हे त्यांना सांगता आले नाही. त्या वर्षी पाऊस लांबला होता आणि दुपारचे डांबर तापलेले होते. अण्णा हसून म्हणाले, "पायाला कळलंसुद्धा नाही. माऊलींची कृपा!" आम्ही सर्वांनी भाविकपणे हात जोडले. अण्णांना मधुमेह होऊन तेव्हा १४ वर्षे झाली होती. त्या वाक्याचा खरा अर्थ ओळखणारे आमच्यात कोणी नव्हते.

आज मला स्वतःला मधुमेह होऊन नऊ वर्षे झाली आहेत. गेल्या वर्षी पुणे ते जेजुरी ही वाट मी पुन्हा चालले. वाचकहो, आपणही या वाटेने माझ्याबरोबर यावे. फक्त एक लक्ष रस्त्याकडे आणि एक आपल्या पावलांकडे ठेवावे, एवढीच विनंती.

हडपसर : चालण्याचे औषध

ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून प्रस्थान ठेवून पालखी पुण्यात येते. दोन मुक्कामांनंतर ती पहाटेच पुणे सोडते. हडपसरला दोन वाटा फुटतात. तुकोबांची पालखी लोणी काळभोरकडे जाते आणि माऊलींची पालखी सासवडची वाट धरते. पुणे ते सासवड हा सुमारे ३० किलोमीटरचा, साऱ्या वारीतील सर्वांत मोठा टप्पा. त्यात बहुधा तो दिवस एकादशीचा असतो. म्हणजे सर्वांत दीर्घ चाल आणि तीही उपवासाच्या पोटी.

मधुमेही माणसाने एवढे चालावे काय, असा प्रश्न आपल्या मनात येईल. चालणे हे मधुमेहावरील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जुने औषध आहे. चालताना पायांचे स्नायू रक्तातील साखर वापरतात आणि इन्सुलिनला शरीर अधिक चांगला प्रतिसाद देऊ लागते. हा परिणाम चालणे थांबल्यावरही काही तास टिकतो. म्हणूनच आठवड्यातून किमान १५० मिनिटे भरभर चालावे, असे डॉक्टर सांगतात. परंतु कोणतेही औषध मात्रेत घ्यावे लागते. वर्षभर न चालता एकदम ३० किलोमीटरची मात्रा घेणे योग्य नाही. वारीला जायचे असेल, तर दोन-तीन महिने आधीपासून अंतर हळूहळू वाढवीत न्यावे.

उपवासाचेही भान हवे. जे इन्सुलिन घेतात, किंवा ज्यांच्या गोळ्यांनी साखर झपाट्याने उतरू शकते, त्यांनी रिकाम्या पोटी दीर्घ चाल करू नये. अंगाला घाम सुटणे, हात थरथरणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे ही साखर उतरल्याची लक्षणे होत. अशा वेळी तीन चमचे साखर किंवा ग्लुकोजची पूड पाण्यातून घ्यावी, बसावे, आणि १५ मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा घ्यावी. उलट वाटेवर मिळणारी साबुदाण्याची खिचडी, केळी आणि बटाट्याचे वेफर यांवरच दिवस काढला, तर साखर चढत राहते. उपवासाच्या दिवसाचे औषध किती घ्यावे, हे निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवावे.

हडपसरला रस्त्याच्या कडेला एक वळण आहे. अण्णांनी आयुष्याची शेवटची सात वर्षे त्या वळणावर खुर्चीत बसून पालखीचे दर्शन घेतले. तेथून पुढे त्यांना जाता येत नव्हते. त्याचे कारण घाटात आणि जेजुरीत घडले.

दिवे घाट : पावलांवरचा भार

वडकीचे शिवार मागे पडले, की समोर घाटाची नागमोडी वाट दिसू लागते. पायथ्याशी मस्तानी तलाव पसरलेला असतो. चढणीवर रथ ओढण्यासाठी नेहमीच्या बैलजोडीला आणखी जोड्या लावतात. माणसाला जोडी मिळत नाही. आपला सारा भार दोन पावलांवरच असतो. चढ चढताना तो चवड्यावर येतो. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या माउलीच्या चवड्यावर तर दुहेरी भार असतो.

निरोगी पाऊल हा भार मोठ्या चतुराईने वाटून घेते. एक जागा दुखू लागली, की आपण नकळत पाय किंचित तिरका टाकतो, टाचेवर भार घेतो, क्षणभर थांबतो. ही सारी व्यवस्था वेदनेवर चालते. दीर्घकाळ चढ्या राहिलेल्या साखरेने मज्जातंतूंना इजा होते. सर्वांत लांब तंतू पायाच्या बोटांपर्यंत जाणारे असल्याने त्यांना ती प्रथम होते. आधी बोटांना मुंग्या येतात, रात्री तळपायांची आग होते, कापसावरून चालल्यासारखे वाटते. मग बधिरपणा मोजा चढवावा तसा बोटांकडून घोट्याकडे सरकतो. कित्येकांना तर मुंग्या आणि आग हे टप्पे जाणवतही नाहीत. आग थांबली म्हणून रोगी आनंदतो. पण कधी कधी ती थांबते, कारण जाणीव देणारा तंतूच निकामी झालेला असतो.

याच तंतूंच्या बिघाडाने पावलातील लहान स्नायू दुबळे होतात आणि बोटे पक्ष्याच्या नखीसारखी वाकतात. त्यामुळे चवड्याची हाडे खाली उतरून त्यांवर अधिक दाब येतो. तेथे घट्टे पडतात. घट्ट्याखाली, वरून काही न दिसता, जखम तयार होऊ शकते. घाम येणे कमी झाल्याने कातडी कोरडी पडते, टाचांना भेगा पडतात आणि त्यांतून जंतूंना वाट मिळते. रक्तवाहिन्या अरुंद झाल्या असतील, तर त्या जखमेपर्यंत पुरेसे रक्तही पोहोचत नाही. चालताना पोटरीत गोळा येणे आणि थांबल्यावर तो उतरणे, हे या अरुंदपणाचे लक्षण आहे. तंबाखू आणि विडी त्यात मोठीच भर घालतात. परंतु पाय बधिर असेल, तर हेही लक्षण झाकले जाऊ शकते.

घाटाच्या मध्यावर मी थांबले. खाली तलाव, त्यापुढे पुण्याची पुसट रेषा, आणि रस्त्यावर पताकांची रांग. पायाशी एक करड्या रंगाची, न तुटलेली चप्पल पडली होती. चप्पल पायातून निसटते आणि कळत नाही, ही तक्रार मधुमेही व्यक्तीने केली, तर ती वयाची विसराळू खोड समजून सोडून देऊ नये. तो बधिर होत चाललेल्या तळव्याचा निरोप असू शकतो. आपल्या घरात असे कोणी म्हटले आहे का, हे आठवून पाहा.

सासवड : पायांची सेवा

सासवडला कऱ्हेच्या काठी सोपानदेवांची समाधी आहे. पालखीचे येथे दोन मुक्काम असतात, आणि त्या काळात सारे गाव पायांच्या सेवेत गुंतलेले दिसते. कोणी तेलाची वाटी घेऊन वारकऱ्यांच्या पोटऱ्या चोळतो, कोणी गरम पाण्याच्या घंगाळात पाय शेकवतो. चर्मकार बांधव एक पैसा न घेता चपला शिवून देतात. आरोग्य विभागाची पथके आणि सेवाभावी मंडळी फोडांना मलमपट्टी करीत बसलेली असतात. अनोळखी माणसाचे पाय मांडीवर घेणारी ही माणसे पाहिली, की मन भरून येते.

याच सेवेत मधुमेही माणसाने काही पथ्ये पाळली पाहिजेत. गरम पाण्यात पाय बुडवू नयेत. बधिर तळव्याला पाणी किती कढत आहे हे समजत नाही आणि कातडी भाजून निघते. पाय धुण्यासाठी कोमट पाणी घ्यावे आणि ते कोपराने किंवा घरातील दुसऱ्या कोणाच्या हाताने तपासून घ्यावे. भोवरी किंवा घट्टा पात्याने कापून घेऊ नये. तीक्ष्ण औषधी पट्ट्याही लावू नयेत. पाय धुतल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात, कारण पावसाळ्यात चिखल्या तेथूनच सुरू होतात. तेल किंवा मलम तळव्यांना आणि टाचांना लावावे, बेचक्यांत लावू नये. नखे सरळ कापावीत, कोपऱ्यात खोल शिरू नये.

चपलांविषयी तर स्वतंत्रच सांगावयास हवे. वारीसाठी कोरी चप्पल घेऊन निघणे ही सर्वांत सामान्य चूक. नवे चामडे चावते. ज्याला कळते तो ती काढतो, ज्याला कळत नाही तो मुक्कामापर्यंत चालत राहतो. पादत्राण संध्याकाळी विकत घ्यावे, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. पुढे बोटांना मोकळी जागा असावी, मागे पट्टा असावा, तळ मऊ पण भक्कम असावा. घरी रोज थोडा वेळ वापरून ते पायाला सरावू द्यावे. घालण्यापूर्वी प्रत्येक वेळी झटकावे आणि आतून हात फिरवून खडा किंवा खिळा नाही ना, हे पाहावे. मोजे फिक्या रंगाचे असावेत. रक्ताचा किंवा पाण्याचा डाग त्यांवर लगेच दिसतो. आणि अनवाणी चालू नये, अगदी घरातसुद्धा. देवळात चपला बाहेर काढाव्या लागतात, तेथे मोजे घालून जावे आणि भर दुपारच्या तापलेल्या फरशीची वेळ टाळावी.

वेदनेचे मोल ज्यांनी जगाला समजावून दिले, त्या डॉ. पॉल ब्रँड यांची या ठिकाणी आठवण होते. १९१४ साली तामिळनाडूतील कोल्ली डोंगरात जन्मलेल्या या शल्यविशारदाने वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात कुष्ठरुग्णांवर उपचार केले. कुष्ठरोगाने बोटे आपोआप झडतात, अशी तोवरची समजूत होती. त्यांनी दाखवून दिले की, बधिर हातापायांना नकळत वारंवार इजा होते आणि त्या इजेने बोटे जातात. दुखणारा माणूस लंगडतो आणि त्या लंगडण्यानेच जखमेला विसावा मिळतो. बधिर पायाचा माणूस जखमेवरही ताठ चालतो. पुढे अमेरिकेत काम करताना हाच धडा त्यांनी मधुमेही पावलांनाही लागू केला. वेदना ही मनुष्याला मिळालेली देणगी आहे, असे ते सांगत. कुष्ठरुग्णांसाठी वेल्लोरला मऊ सूक्ष्मछिद्री रबराच्या चपलांवर काम झाले. 'एमसीआर' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तशाच चपला आज मधुमेही रुग्णांनाही सुचविल्या जातात.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार आपल्या देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. सासवडच्या त्या गर्दीत बसलेली माणसे पाहताना त्यांतील किती पाय अण्णांच्या पायांसारखे असतील, हा विचार माझ्या मनातून जाईना.

जेजुरी : तळव्याकडे पाहणे

सासवडहून जेजुरीची वाट उघड्या माळांची आहे. गड दिसू लागला, की दिंड्यांतून खंडोबाचा जयघोष उठतो आणि पालखीवर भंडारा उधळला जातो. सारे पिवळे होऊन जाते. १८ वर्षांपूर्वी याच मुक्कामावर मला अण्णांच्या पंचाला ओला डाग दिसला. चवड्यावरचा मोठा फोड फुटला होता. "दुखतं का?" मी विचारले. "छे, मुळीच नाही," ते म्हणाले. तेवढ्याने माझे समाधान झाले. भंडारा म्हणजे हळदच, या समजुतीने त्यांनी तो जखमेत दाबला आणि वरून फडके बांधले. मी नोकरीसाठी पुण्यास परतले. ते आणखी चार मुक्काम चालून फलटणला पोहोचले, तेव्हा अंगात ताप भरला होता आणि फडक्याला दुर्गंधी येत होती. त्यानंतर तीन आठवड्यांत त्यांची दोन बोटे आणि चवड्याचा काही भाग काढावा लागला. जीव वाचला. वारी कायमची थांबली.

मला पुढे अनेक वर्षे एकच गोष्ट सलत राहिली. रोज सकाळी मी अण्णांना वाकून नमस्कार करीत असे. त्यांचे पाय मला पाठ होते, असे मला वाटे. पण नमस्कार पावलाच्या वरच्या बाजूला होतो. त्यांचे तळवे मी कधी पाहिलेच नव्हते.

म्हणून आता माझा नियम आहे. रात्री झोपण्यापूर्वी चांगल्या उजेडात दोन्ही तळवे, टाचा, बोटांच्या बेचक्या आणि नखांच्या कडा पाहायच्या. वाकणे जमत नसेल, तर आरसा जमिनीवर ठेवून पाहायचे किंवा घरातल्या कोणाला पाहावयास सांगायचे. लाली, फोड, चीर, घट्ट्याखालचा काळसर ठिपका, एका पायाला अधिक उष्णता, अशी कोणतीही खूण दिसली की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जायचे. एकच पाऊल लाल, गरम आणि सुजलेले असून दुखत नसेल, तर त्या पायावर भार देणे ताबडतोब थांबवायचे; आतील हाडे खचू लागल्याचे ते चिन्ह असू शकते. तळव्याला जखम झाली असेल, तर मलमपट्टी आणि औषध यांच्याइतकाच त्या पायाचा विसावा महत्त्वाचा असतो. वर्षातून किमान एकदा डॉक्टरांकडून पायांची तपासणी करून घ्यावी. नायलॉनच्या बारीक तंतूने आणि स्वरकाट्याने संवेदना तपासतात, घोट्यापाशी नाडी पाहतात. तपासणी काही मिनिटांची असते आणि ती मुळीच दुखत नाही.

गेल्या वर्षी जेजुरीच्या मुक्कामी राहुटीत बसून मी विजेरीच्या उजेडात असेच तळवे पाहत होते. शेजारी परभणीकडच्या एक आजी अंथरुणावर बसल्या होत्या.

"काय बघायलीस गं एवढं पायात?"

"साखरेचा आजार आहे, आजी. पायाला काही लागलंय का, ते बघते."

"साखर मला बी हाय की. दहा-बारा वर्सं झाली. पण माझे पाय काई दुखत नाईत बघ." हे त्यांनी अभिमानाने सांगितले. अगदी अण्णांसारखे.

मी त्यांचा पाय पाहू का, असे विचारले. मी पाया पडते आहे असे समजून त्यांनी पाय मागे ओढले. "नमस्कार नाही, आजी. तळवा बघायचा आहे," असे म्हटल्यावर नवल करीत त्यांनी डावे पाऊल उलटे केले. टाचेच्या भेगांत बाभळीचा काटा मोडून राहिला होता. भोवती आठ आण्याएवढी लाली पसरली होती. काटा कधी रुतला, हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यावर भार देऊन त्या सासवडहून चालत आल्या होत्या.

पथकातील डॉक्टरांनी काटा काढला, जखम स्वच्छ केली, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले आणि पायावर भार न देण्यास बजावले. आजींच्या डोळ्यांत पाणी आले. इतक्या वर्षांची पायी वारी मोडणार, याचे दुःख त्या काट्याहून मोठे होते. दिंडीच्या प्रमुखांनी त्यांची समजूत घातली, "आजी, पाय राहिला तर पुढली वारी. यंदा मालमोटारीत बसा, रोज पट्टी बदलून घ्या." सकाळी दिंडी वाल्ह्याकडे निघाली, तेव्हा आजी मालमोटारीत चालकाशेजारी, पाय गाठोड्यावर ठेवून बसल्या होत्या. मला पाहून त्यांनी हात हलविला आणि ओरडून विचारले, "तू बघितलेस का तुझे पाय सकाळी?"

वाचकहो, आपल्या घरातही मधुमेह असलेले कोणी असेल. चालणे त्यांनी सोडू नये. नीट पादत्राणे घालून, पायाला जखम नसताना ते जरूर चालत राहावेत. पण "पाय दुखत नाही" एवढ्या उत्तरावर आपण समाधान मानू नये. आज रात्री त्यांच्यापाशी बसा, दिवा जवळ घ्या आणि त्यांचे तळवे एकदा नीट पाहा.